स्थूलतेवरील औषधे : लाभ, धोके आणि विवेक

वजन उतरविणारे औषध हा विषय काही वर्षांपूर्वीपर्यंत महानगरांतील सुखवस्तू लोकांचा मानला जात असे. बालाघाट जिल्ह्यासारख्या धानपट्ट्यात वैद्यकीय चर्चेचा भर मलेरिया, क्षय, सिकलसेल, रक्तक्षय आणि बालकांचे कुपोषण यांवर असे, आणि तो योग्यच होता. हे प्रश्न आजही संपलेले नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेली कंबर ही नवी दुखणी आता किरनापूरसारख्या तालुक्याच्या गावातही रोजच्या तपासणीत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आणि २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आढळल्या. एकाच घरात अशक्त सून आणि स्थूल सासू असावी, हे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही.

अशा वेळी वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि मोबाइलवरून एक बातमी सतत कानावर येत असते : आठवड्यातून एक इंजेक्शन घ्या आणि वजन उतरवा. गोंदिया-नागपूरला राहणारे नातलग ते घेऊन आलेले असतात. त्यांचे उतरलेले वजन लग्नसमारंभात सर्वांना दिसते. साहजिकच प्रश्न येतो, ‘डॉक्टरसाहेब, ते इंजेक्शन मलाही चालेल का?’ या प्रश्नाचे सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे उत्तर देणे शास्त्राला धरून होणार नाही. म्हणून या औषधांचे गुण, दोष आणि मर्यादा यांचा एकत्रित विचार या लेखात केला आहे.

स्थूल कोणास म्हणावे?

वजनाच्या काट्यावरील आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीरभार निर्देशांक, म्हणजेच आपल्या नित्याच्या भाषेत बी.एम.आय. म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हा अंक २५ च्या वर गेल्यास अतिवजन आणि ३० च्या वर गेल्यास स्थूलता समजली जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या एकमताने आपल्यासाठी ही मर्यादा खाली आणली : २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास उदरस्थूलता मानावी, असेही ठरले.

भारतीयांसाठी वेगळे माप का, याचे उत्तर मिळविण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली त्यांनी माता व अर्भकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. मात्र वजनात एवढी तफावत असूनही त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. दिसावयास बारीक, परंतु आतून चरबीयुक्त अशी ही घडण जन्मापासूनच असते, असे त्यांनी दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले सहकारी प्रा. युडकिन यांच्यासह स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३ असा एकच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली.

आपल्या भागासाठी या संशोधनाचा अर्थ महत्त्वाचा आहे. ज्याचे बालपण अर्धपोटी गेले, ज्याने तारुण्यात रोवणी-कापणीची कष्टाची कामे केली आणि चाळिशीनंतर ट्रॅक्टर व मोटारसायकलीमुळे ज्याचे शारीरिक श्रम घटले, त्या माणसाचे वजन ६८ किलो असले तरी पोटावरची चरबी त्यास मधुमेहाकडे नेऊ शकते. उलट, एखाद्या धडधाकट तरुणीचे वजन तिच्या मैत्रिणीपेक्षा चार किलोने अधिक आहे, एवढ्यावरून तिला रोगी ठरविता येत नाही. औषधाचा विचार करण्यापूर्वी काट्याइतकाच कंबरेवर फिरविलेला टेप महत्त्वाचा आहे.

औषधांचा पूर्वेतिहास

स्थूलतेवरील औषधांचा इतिहास हा बहुतांशी आशेने सुरू होऊन माघारीने संपलेला इतिहास आहे. तो जाणून घेतल्याशिवाय आजच्या औषधांकडे समतोल दृष्टीने पाहता येणार नाही.

१९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डायनायट्रोफेनॉल हे रसायन चयापचय वाढवून वजन उतरविते, असे आढळले. वजन खरोखरच उतरले. पण काहींना मोतीबिंदू झाले, तर काही जण शरीराचे तापमान अनावर वाढून दगावले. १९३८ च्या नव्या औषध कायद्यानंतर त्याची विक्री थांबली. पुढे अ‍ॅम्फेटामिन वर्गातील भूक मारणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांनी व्यसन आणि हृदयविकार दिला. १९९० च्या दशकात फेनफ्लुरामिन व फेंटरमिन यांची जोडगोळी अमेरिकेत कमालीची लोकप्रिय झाली. १९९७ साली मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी ती घेणाऱ्या २४ स्त्रियांत हृदयाच्या झडपांचे विकार नोंदविले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून मागे घेण्यात आले.

त्यानंतरची दोन नावे आपल्याकडील अनेक डॉक्टरांच्या स्मरणात असतील. रिमोनाबांट २००६ साली युरोपात मान्य झाले आणि पाठोपाठ भारतीय बाजारातही आले. नैराश्य व आत्मघाताचे विचार वाढत असल्याचे दिसल्यावर युरोपात ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. भारतात डिसेंबर २००९ मध्ये त्यावर बंदी आली. सिब्युट्रामिन अनेक वर्षे मुक्तपणे लिहून दिले जात असे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ९,८०० व्यक्तींवरील ‘स्काउट’ या चाचणीत हृदयाघात, पक्षाघात व तत्सम घटना औषध न घेणाऱ्यांत १० टक्के, तर घेणाऱ्यांत ११.४ टक्के आढळल्या. २०१० साली युरोप-अमेरिकेतून आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातून ते हद्दपार झाले. २०१२ साली अमेरिकेत मान्य झालेले लोर्कासेरिन कर्करोगाच्या शंकेमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये परत घ्यावे लागले.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वजन उतरले म्हणजे आयुष्य वाढेल, असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात तसे सिद्ध झालेले नव्हते. म्हणूनच आजच्या औषधांना पहिला प्रश्न ‘किती किलो?’ असा नव्हे, तर ‘हृदय, मूत्रपिंड आणि आयुष्य यांवर काय परिणाम?’ असा विचारावयास हवा.

आजची औषधे : कार्यपद्धती

ऑर्लिस्टॅट हे यांपैकी जुने औषध. ते आतड्यातील चरबी पचविणाऱ्या विकरास अडविते, त्यामुळे आहारातील सुमारे ३० टक्के स्निग्धांश न पचता बाहेर पडतो. वर्षभरात साध्या पथ्यापेक्षा सरासरी तीन किलो अधिक घट होते. ‘झेंडॉस’ या चार वर्षांच्या अभ्यासात मधुमेह होण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी घटले. तेलकट जुलाब आणि अचानक शौचाची घाई यांमुळे पुष्कळ रुग्ण ते सोडून देतात. अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचे शोषणही घटते, म्हणून रात्री झोपताना जीवनसत्त्वांची गोळी द्यावी लागते. थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावे.

नव्या पर्वाची सुरुवात मात्र जी.एल.पी.-१ या आतड्यातील संप्रेरकाने झाली. जेवणानंतर हे संप्रेरक रक्तात येते, इन्सुलिन स्रवविते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूस तृप्तीचा संदेश देते. मूळ संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटांतच नष्ट होते. त्यामुळे त्याचे औषध होणे अवघड होते. अमेरिकेच्या वाळवंटातील हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत तत्सम पण टिकाऊ पदार्थ सापडला आणि त्यावरून २००५ साली एक्झेनाटाइड हे मधुमेहाचे औषध आले. पुढे लिराग्लुटाइड रोज एकदा आणि सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा अशी प्रगती झाली. टिर्झेपाटाइड हे जी.एल.पी.-१ च्या जोडीला जी.आय.पी. या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. भारतात टिर्झेपाटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये दाखल झाले.

ही औषधे चरबी ‘वितळवीत’ नाहीत. ती भूक शमवितात; माणूस कमी खातो आणि म्हणून वजन उतरते. जाहिरातींतील भाषेमुळे याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत.

लाभ कोणते?

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ चाचणीत १,९६१ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी, तर केवळ आहार-व्यायामाचा सल्ला व औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी उतरले. टिर्झेपाटाइडच्या ‘सर्माउंट-१’ चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट नोंदविली गेली. पूर्वीच्या कोणत्याही गोळीने एवढा परिणाम दाखविला नव्हता.

त्याहून महत्त्वाची चाचणी ‘सिलेक्ट’ ही होय. आधीच हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या, अतिवजनी परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराने मृत्यू, हृदयाघात आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आणले. बातम्यांत यालाच ‘२० टक्के घट’ म्हटले गेले. दोन्ही विधाने खरी आहेत. पण रुग्णास समजावून सांगताना दुसरी बाजूही सांगावी : सरासरी सव्वातीन वर्षे सुमारे ६७ जणांना औषध दिले असता एकाची अशी आपत्ती टळते. सिब्युट्रामिनने जेथे हानी केली, तेथे या औषधाने हित केले, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे.

मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारात सेमाग्लुटाइडने गंभीर घटना २४ टक्क्यांनी घटविल्याचे ‘फ्लो’ या अभ्यासाने २०२४ साली दाखविले. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, यकृतातील चरबी, गुडघेदुखी आणि रक्तदाब यांतही लाभ दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातील औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तो मधुमेहासोबत हृदयविकार, मूत्रपिंडविकार वा स्थूलता असलेल्या रुग्णांसाठी होता, हे ध्यानात घ्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. ‘स्टेप-१’ मधील व्यक्तींचे सरासरी वजन १०५ किलो व बी.एम.आय. सुमारे ३८ होता; तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि बहुतेक जण गौरवर्णीय होते. आपल्याकडील ७४ किलो वजनाच्या, २८ बी.एम.आय. असलेल्या गृहस्थास त्या आकड्यांचे आश्वासन जसेच्या तसे देता येणार नाही.

धोके आणि दुष्परिणाम

सर्वांत अधिक त्रास पोटाचा. ‘स्टेप-१’ मध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ४४ टक्के व्यक्तींना मळमळ, ३१ टक्क्यांना जुलाब, सुमारे २५ टक्क्यांना उलट्या आणि २३ टक्क्यांना बद्धकोष्ठ झाले. बहुतेकांचा त्रास सौम्य होता व मात्रा स्थिरावल्यावर ओसरला. म्हणूनच मात्रा महिन्या-महिन्याने, पायरीपायरीने वाढवावयाची असते. लवकर परिणाम दिसावा म्हणून मोठ्या मात्रेपासून आरंभ करणे ही घातक घाई होय.

आपल्या हवामानात या पोटाच्या त्रासास वेगळे गांभीर्य आहे. वैशाख-ज्येष्ठात पारा ४४-४५ अंशांवर जातो. भूक मंदावल्याने अन्नाबरोबर पाणीही कमी घेतले जाते. त्यात उलट्या-जुलाब सुरू झाले तर निर्जलीकरण होऊन मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यांनी विशेष जपावे. सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीस निर्जलीकरण वेदनेच्या झटक्याला निमंत्रण देते. तिच्या बाबतीत हा विचार प्रथम करावयास हवा.

पित्ताशयातील खडे व दाह यांचे प्रमाण वाढते. स्वादुपिंडाचा दाह विरळ असला तरी गंभीर आहे. पोटात सतत तीव्र कळ, ती पाठीकडे जाणारी आणि सोबत उलट्या, असे झाल्यास औषध बंद करून त्वरित रुग्णालय गाठावे. जुना मधुमेह व दृष्टिपटलाचा विकार असलेल्या रुग्णांत साखर झपाट्याने उतरल्यास डोळ्यांचा विकार बळावू शकतो. ‘सस्टेन-६’ अभ्यासात अशा तक्रारी १.८ टक्क्यांच्या तुलनेत ३ टक्के आढळल्या. दृष्टिमज्जेचा रक्तपुरवठा अचानक खंडित होण्याचा अत्यंत विरळ धोकाही युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये मान्य केला. औषध सुरू करण्यापूर्वी मधुमेही रुग्णाचे डोळे तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

उंदीरवर्गीय प्राण्यांत थायरॉइडच्या विशिष्ट गाठी आढळल्यामुळे, स्वतःस वा कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग असलेल्यांना ही औषधे वर्ज्य आहेत. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या थायरॉइडच्या कमतरतेस ही मनाई लागू नाही. रुग्ण या दोहोंत नेहमी गल्लत करतात.

ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णास हे औषध जोडल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा वेळी जुन्या औषधांची मात्रा आधीच घटवावी. शस्त्रक्रियेच्या वेळी जठरात अन्न शिल्लक राहून भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा संभव असतो. म्हणून भूलतज्ज्ञास या इंजेक्शनची कल्पना दिलीच पाहिजे. रुग्णाने ‘ते तर वजनाचे आहे, औषध नव्हे’ असे समजून ते सांगावयाचे टाळू नये.

स्नायूंची झीज हा आपल्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगा धोका आहे. ‘स्टेप-१’ मधील काही व्यक्तींच्या शरीराची घडण मोजली असता, उतरलेल्या वजनात चरबीखेरीज इतर ऊतींचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळपास भरला. याज्ञिकांच्या संशोधनाने दाखविल्याप्रमाणे आपल्याकडे मुळातच स्नायू कमी. भाताधिक्य असलेल्या आहारात प्रथिने तोकडी. भूक मारणारे औषध घेऊन माणूस दोन घास कमी करतो, तेव्हा बहुधा वरण-भाजी कमी होते, भात तसाच राहतो. साठीच्या पुढील व्यक्तीस अशा वेळी चालताना तोल जाणे, पडणे, हाड मोडणे यांचा धोका संभवतो.

औषध थांबविल्यावर काय?

हा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतात. तो डॉक्टरांनीच उपस्थित करावा. ‘स्टेप-१’ संपल्यावर औषध थांबवून वर्षभराने पाहिले असता, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले होते. उदाहरणच घ्यावयाचे तर ८५ किलो वजनाच्या व्यक्तीचे १५ टक्के, म्हणजे पावणेतेरा किलो वजन उतरले, तर त्यातील सुमारे साडेआठ किलो परत येईल. परत येणाऱ्या वजनात चरबीच अधिक असण्याची भीती असते. म्हणजे स्नायू गमावून पुन्हा चरबी मिळविली, असा उलटा व्यवहार होऊ शकतो.

याचा अर्थ औषध निरुपयोगी ठरते, असा नाही. रक्तदाबाची गोळी थांबविली की रक्तदाब वाढतो. म्हणून आपण ती गोळी कुचकामी म्हणत नाही. स्थूलता हाही दीर्घकालीन आजार आहे, हे मान्य केले की औषधही दीर्घकाळ लागेल, हे ओघानेच येते. मात्र ‘मुलीच्या लग्नापर्यंत तीन महिने देऊन टाका’ अशा मागणीस मग वैद्यकीय आधार उरत नाही.

खर्चाचा हिशेब

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षाच्या ५२ कुप्यांचे २,२७,५०० रुपये होतात. २०२५-२६ साठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या औषधासाठी सुमारे ९६ क्विंटल धान विकावे लागले असते. ते किती एकरांचे उत्पन्न झाले, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगोव्हीची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरविण्यात आली. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्यांच्या स्वस्त औषधांचा मार्ग तिच्या समाप्तीने मोकळा होतो.

किंमत उतरणे स्वागतार्ह आहे, कारण हृदयविकार झालेल्या गरजू रुग्णास औषध परवडेल. परंतु स्वस्त औषधाचा गैरवापरही सुलभ होतो. आजवर महागाईने जो बांध घातला होता, त्याच्या जागी आता डॉक्टर व औषधविक्रेते यांच्या विवेकाचा बांध उभा राहावयास हवा.

साठवणीचा मुद्दाही येथेच नमूद करणे योग्य. ही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची असतात. फ्रिजबाहेर ती ३० अंशांच्या आत फक्त तीन-चार आठवडे टिकतात. उन्हाळ्यात घरातले तापमानच त्याहून अधिक असते आणि वीज तासन्‌तास जाते. गोंदिया-नागपूरहून बसच्या प्रवासात गरम झालेली किंवा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेली कुपी वापरू नये.

बनावट आणि ‘नैसर्गिक’ उपायांविषयी

कुपीतून सिरिंजने औषध ओढताना मिलिग्रॅम आणि सिरिंजवरील युनिट यांचा घोळ होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये अशा चुकांमुळे पाच ते वीस पट मात्रा गेल्याच्या घटनांविषयी इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबाबत सावध केले. पक्के बिल, बॅच क्रमांक आणि ओळखीचा परवानाधारक विक्रेता यांखेरीज हे औषध घेऊ नये.

त्याहून अधिक काळजी बाजारातील ‘नैसर्गिक’ चूर्णांची आणि कॅप्सूलांची वाटते. वजन झटपट उतरविणाऱ्या अशा उत्पादनांत चोरून मिसळलेले सिब्युट्रामिन अनेक देशांतील तपासण्यांत वेळोवेळी आढळले आहे. काट्यावर परिणाम दिसतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. छातीत धडधड आणि रक्तदाब यांचे कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आजार नसताना थायरॉइडची गोळी घेणे हाही असाच घातक प्रकार होय. चरकसंहितेने सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंना निंद्य मानून त्यांच्या चिकित्सेचा गंभीर विचार मांडला आहे. त्या शास्त्राचे नाव घेऊन चिठ्ठीविना पुड्या विकणे हा त्याचाही अवमान आहे.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

मान्य संकेतांनुसार बी.एम.आय. ३० वा अधिक असल्यास, अथवा २७ वा अधिक असून मधुमेह, उच्च रक्तदाब, निद्राश्वासरोध यांसारखा आजार जोडीला असल्यास ही औषधे देता येतात. भारतीयांसाठी मर्यादा खाली असल्याने २५ ते २७ या पट्ट्यातील रुग्णाबाबत पेच निर्माण होतो. तेथे आधी आहार, चालणे आणि मधुमेह-रक्तदाबाचे योग्य उपचार यांस किमान काही महिने प्रामाणिक संधी द्यावी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात केवळ जीवनशैलीतील बदलाने पूर्वमधुमेही व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते, आणि तेही वजनात लक्षणीय घट न होता.

गर्भवती, स्तनदा आणि नजीकच्या काळात अपत्याचा विचार असलेल्या स्त्रियांना ही औषधे देऊ नयेत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढविल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरावे. लग्नापूर्वी ‘बारीक दिसावे’ म्हणून इंजेक्शन घेऊ इच्छिणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन प्रथम तपासावे. पुष्कळदा तिला गरज असते ती लोहाची आणि पोटभर अन्नाची.

डॉक्टरांसाठी व कुटुंबीयांसाठी

डॉक्टर बंधू-भगिनींनी औषध लिहिण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, डोळे आणि पित्ताशयाचा पूर्वेतिहास यांची नोंद करावी. दर भेटीत वजनाबरोबरच खुर्चीवरून हात न टेकता उठता येते की नाही, हेही पाहावे. स्नायूंची स्थिती त्यातून कळते. क्षयाचे प्रमाण असलेल्या आपल्या भागात आणखी एक पथ्य पाळावे : प्रमाणाबाहेर वा खोकला-तापासह उतरणारे वजन इंजेक्शनच्या खात्यावर लिहून मोकळे होऊ नये. कमाल सह्य मात्रेवर सहा महिन्यांनीही पाच टक्के घट न झाल्यास औषध चालू ठेवण्याचा फेरविचार करावा.

कुटुंबीयांनी ताटाकडे लक्ष द्यावे. आपला चिन्नोर तांदूळ २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळवून नावाजला गेला. तो टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ताटात आधी वरण, उसळ, अंडे वा तलावातील मासळी, मग भाजी आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तर थोड्या भुकेतही प्रथिने पोटात जातात. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा वा उठाबशांचा व्यायाम स्नायू राखतो. स्थूल व्यक्तीची थट्टा करून तिचे वजन उतरत नाही. ती दवाखान्यात यावयाची मात्र थांबते.

स्थूलतेच्या उपचारात प्रथमच अशी औषधे हाती आली आहेत, जी योग्य रुग्णाचे हृदय आणि मूत्रपिंड वाचवू शकतात. ज्या रुग्णास हृदयाघात होऊन गेला आहे, ज्याची साखर आटोक्यात येत नाही, ज्यास रात्री श्वास अडकून जाग येते, त्यास केवळ ‘कमी खा’ एवढे सांगून परत पाठविणे आता उचित ठरणार नाही. तसेच निरोगी माणसास केवळ हौसेखातर ती देणेही उचित नाही. या दोहोंतील भेद टेप, तपासणी आणि रुग्णाशी शांतपणे केलेली बातचीत यांतूनच कळतो, आणि त्यासाठी महानगरातील रुग्णालयच लागते असे नाही. आपल्या तालुक्यातील साध्या दवाखान्यातही हे काम उत्तम प्रकारे होऊ शकते, असा विश्वास वाटतो.